उजनीची टक्केवारी आणि विहिरीतले नायट्रेट

जुलै उजाडला की सोलापूर जिल्ह्यात एकच प्रश्न जो तो विचारतो : उजनी किती टक्के झाले? एसटीच्या थांब्यावर, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, कारखान्याच्या गेटवर हा आकडा रोज सकाळी नव्याने फिरतो आणि त्यावर पुढच्या वर्षाची लागण, सोसायटीचा हप्ता, मुलीचे लग्न यांचे बेत ठरतात. यशवंतसागराची, म्हणजे भीमेवरच्या उजनीच्या जलाशयाची, एकूण साठवण ११७ टीएमसीच्या घरात आहे. त्यातले ६३ टीएमसींहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते आणि टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याचीच धरतात, त्यामुळे धरणाची पातळी ‘वजा’ टक्क्यांतही जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलेही. या टक्केवारीने आपल्याला पाणी मोजण्याची सवय लावली, हे तिचे मोठेच काम आहे. पण पाणी किती आहे एवढेच ती सांगते. त्या पाण्यात काय विरघळले आहे, ते कोणाच्या शेतातून वा गटारातून आले आणि कोणत्या सरकारी निर्णयामुळे आले, याचा आकडा कुठल्याही फलकावर लागत नाही.

शेतीविषयी कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी, मग तो खताच्या अनुदानाचा असो, पंपाच्या विजेचा असो, उसाच्या दराचा असो की इथेनॉलचा, त्या निर्णयाने पिकाचे उत्पादन किती बदलेल आणि त्याच वेळी नदी, धरण व विहिरी यांचे पाणी किती बिघडेल किंवा सुधारेल, याचा एकत्र हिशेब मांडला गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. असा हिशेब मांडण्याचे साधन म्हणजे गणिती प्रारूप, ज्याला आपण सर्रास मॉडेल म्हणतो. ते भीमा खोऱ्यासाठी तयार व्हावे, त्यातली प्रत्येक गृहीत गोष्ट उघड असावी आणि निर्णयाआधी ते लोकांसमोर यावे.

उजनीच्या पाण्याचा विषय निघाला की आपले बोट पुण्याकडे जाते आणि ते चुकीचे नाही. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा ते सगळे उजनीत आणून ठेवते. फुगवट्याच्या पाण्यावर चढणारा हिरवा तवंग, जलपर्णीचे गालिचे, करमाळ्याच्या बाजूला उन्हाळ्यात येणारा वास हे सारे आपण पाहिलेले आहे. तेच पाणी पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते आणि वारकरी त्यात श्रद्धेने उतरतात. ही तक्रार आपण जोराने मांडत राहिलेच पाहिजे. परंतु या तक्रारीच्या आड आपल्या घरचा हिशेब झाकला जातो, हेही कबूल करायला हवे. नदीपासून आणि कालव्यापासून दूर असलेल्या एखाद्या गावातल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे नत्राचे (नायट्रोजनचे) पाण्यात विरघळणारे रूप, वाढलेले निघाले, तर ते पुण्याच्या गटारातून आलेले नसते. ते त्या विहिरीभोवतीच्या रानातून, उकिरड्यांतून आणि शोषखड्ड्यांतून झिरपलेले असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालानुसार देशातल्या सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेहून जास्त आढळले आणि महाराष्ट्रातले प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नायट्रेटमुळे कमी होते. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते. तुरटी फिरवूनही जात नाही. गावोगाव जारचे पाणी विकत घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात या न दिसणाऱ्या क्षाराचाही वाटा आहे, असे मला वाटते.

हे किती सहज घडू शकते, हे समजायला संगणक लागत नाही. अडसाली, म्हणजे सुमारे दीड वर्ष रानात उभ्या राहणाऱ्या उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले तर हेक्टरी एकोणीसहून अधिक गोण्या लागतील. आता असे धरू की या ४०० किलोंपैकी अवघे पाच टक्के, म्हणजे २० किलो नत्र पिकाच्या मुळांखाली निसटले आणि वर्षभरात १०० मिलिमीटर पाणी जमिनीत खोलवर मुरले. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर पाणी. त्यात २० किलो नत्र विरघळले की लिटरला २० मिलिग्रॅम नत्र झाले, आणि नायट्रेटमधल्या प्राणवायूचे वजन धरले की नायट्रेटच्या भाषेत ते साधारण ८८ मिलिग्रॅम होते. मर्यादा ४५ ची आहे! ज्या निसटलेल्या नत्राची किंमत शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहीत तीनशे रुपयांच्याही आत आहे, तेवढे नत्र दहा लाख लिटर पाणी पिण्याला अयोग्य करू शकते. शेतकऱ्याला हे नुकसान जाणवत नाही, याचे कारण इथेच आहे. शेताच्या हिशेबात जे नगण्य असते, ते विहिरीच्या हिशेबात निर्णायक ठरते.

अर्थात हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की नत्राचा काही भाग हवेत उडून जातो, काही भाग मातीतले जिवाणू धरून ठेवतात, आणि शेजारच्या पडीक माळावरून आलेले स्वच्छ पाणी भूजलात मिसळून तीव्रता कमी करते. उलटपक्षी, उन्हाळ्यात या जमिनीला हात-हात खोल भेगा पडतात आणि पहिल्या वळवाचे पाणी मातीतून न गाळता थेट त्या भेगांमधून खाली जाते. खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरुमातून आणि चिरांमधून वाट काढते. दोन विहिरींत शंभर पावलांचे अंतर असूनही त्यांचे पाणी वेगळे असते, ते यामुळेच. म्हणजे हाताने केलेला हिशेब काळजी वाटायला पुरेसा आहे, धोरण ठरवायला नाही. कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाखाली आणि कोणत्या पाणी देण्याच्या पद्धतीने किती नत्र निसटते, हे सांगण्यासाठी रोजचा पाऊस, मातीची खोली, पिकाची वाढ आणि खताची तारीख यांना एकत्र चालवणारे मॉडेल लागते.

अशी मॉडेल्स जगात जुनी आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी टेक्सासात विकसित केलेले ‘स्वॅट’ हे मॉडेल तीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. ते खोऱ्याचे लहान लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यातली माती, उतार आणि पीक यांचा मेळ घालते आणि तिथून किती पाणी, किती माती, किती नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) नदीला मिळाले ते दिवसागणिक काढते. पण निव्वळ पाणी आणि माती यांचे मॉडेल अर्धेच असते. धोरण मातीवर थेट चालत नाही, ते शेतकऱ्याच्या निर्णयातून चालते. म्हणून त्याच्या वर आणखी एक थर लागतो, ज्यात शेतकरी दर, धोका, मजूर, पाणी आणि हाती येणारा पैसा पाहून कोणते पीक किती क्षेत्रावर घेईल, याचे गणित असते. धोरण बदलले की वरच्या थरात पिकांची वाटणी बदलते, ती खालच्या थरात उतरते आणि शेवटी नदीच्या व विहिरीच्या पाण्यात दिसते. या साखळीतला एकही दुवा सोडला तर उत्तर फसवे येते.

आपल्याकडे हे दुवे कसे तुटलेले आहेत ते पाहा. एप्रिल २०१० पासून खतांना अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याचे धोरण आले, पण युरिया त्यातून वगळला गेला. परिणामी युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांवर स्थिर राहिली आणि स्फुरद देणाऱ्या डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांवर गेली. युरियातून मिळणारे नत्र किलोला तेरा रुपयांहूनही कमी पडते. एवढ्या स्वस्त नत्राचा एक जादा हप्ता टाकणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने अविचार नाही, तो विमा आहे. पाऊस कमी झाला, पाटपाणी लांबले, ऊस पिवळा दिसू लागला की तो शंभर-दोनशे रुपयांत आपल्या वर्षभराच्या पिकाची खात्री विकत घेतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी उभे राहून पाहावे. चूक किमतींच्या त्या रचनेत आहे, जिने नत्राला मातीमोल केले आणि स्फुरद-पालाशाला (फॉस्फरस-पोटॅशला) महाग केले.

विजेचे धोरण ऊर्जा खात्याचे, म्हणून त्याचा नायट्रेटशी संबंध कोणी जोडत नाही. पण तो आहे, आणि फार जवळचा आहे. आठवड्यातले काही दिवस शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते. रात्री दीड वाजता, साप-विंचवाच्या आणि अलीकडे बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जाणे कोणालाही नको वाटते. मग मोटरीला ऑटो स्टार्टर लावला जातो, वीज आली की मोटर आपोआप सुरू होते आणि सरी भरून वाहेपर्यंत चालते. मुळांच्या खाली गेलेले ते जादा पाणी नत्राला सोबत घेऊन जाते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली. सौर वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे कामही सुरू आहे. माझ्या मते या दोन निर्णयांचे पाण्यावरचे परिणाम परस्परविरुद्ध असू शकतात. मोफत विजेने पाणी उपसण्यावरचा शेवटचा लगाम सुटतो, दिवसाच्या विजेने शेतकरी स्वतः उभा राहून मोजके पाणी देऊ शकतो. यांतला कोणता परिणाम भारी ठरेल, हे तर्काने सांगता येत नाही. मॉडेल लागते ते अशाच ठिकाणी.

कालव्याचे तसेच. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटेल, किती दिवस चालेल आणि टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोहोचेल की नाही, याची खात्री नसली की ज्याच्या रानात पाणी येते तो ते शक्य तेवढे भरून घेतो. वरच्या बाजूचा ऊस बुडतो, खालच्या बाजूची ज्वारी वाळते, आणि वरची जमीन हळूहळू पाणथळ, मग क्षारपड आणि शेवटी चोपण, म्हणजे घट्ट व नापीक, होते. इथे प्रदूषणाचे मूळ अनिश्चिततेत आहे. खताचा दर बदलून ते दूर होणार नाही.

आणि उसाचा दर. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने उभे आहेत. राज्याच्या लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, ही गोष्ट कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या संदर्भाने वर्षानुवर्षे सांगितली जाते आणि ऐकणारा मान डोलावून पुन्हा उसाकडेच वळतो. का वळतो, हे पाहायला हवे. उसाला कायद्याने ठरलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर किंमत, आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. बिल चौदा दिवसांत देण्याचा नियम अनेकदा पाळला जात नाही, तरी घेणारा ठरलेला असतो. त्याच वर्षी मालदांडी ज्वारीची हमी किंमत क्विंटलला ३४२१ रुपये होती, पण त्या भावाने ज्वारी घ्यायला दारात कोण उभे होते? डाळिंबाने सांगोला आणि पंढरपूर तालुक्यांत अनेक घरे उभी केली, पण तेल्या रोग आला तसा बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या आणि त्यातल्या कितीतरी रानांत नंतर ऊस उभा राहिला. उसावर गारपिटीचा, बाजारभावाचा, रोगाचा धोका तुलनेने कमी पडतो. शेतकरी उसात नफ्याइतकीच निश्चिंती शोधतो. ज्या मॉडेलमध्ये शेतकऱ्याला फक्त नफा वाढवणारे यंत्र मानलेले असेल आणि धोक्याला किंमत दिलेली नसेल, ते सोलापुरात पहिल्याच वर्षी खोटे पडेल.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आपल्या चर्चेत सहसा येत नाही. ऊस म्हणजे पाप आणि ज्वारी म्हणजे पुण्य अशी एक मांडणी शहरी लेखांतून रूढ झाली आहे. पाण्याच्या वापरापुरती ती बरोबर आहे. पण पाणी बिघडण्याच्या बाबतीत गणित इतके सरळ नाही. रब्बी ज्वारीसाठी आपण पावसाळाभर रान कुळवून मोकळे ठेवतो, म्हणजे ओल साठते. सप्टेंबरच्या मुसळधार पावसात ही उघडी काळी माती ओढ्याला लागते आणि मातीच्या कणांना चिकटलेले स्फुरद तिच्यासोबत तळ्यात आणि धरणात जाते. उसाचे रान मात्र वर्षभर झाकलेले असते, तिथली माती फारशी वाहत नाही. तिथून निसटते ते विरघळलेले नत्र, आणि ते खाली जाते. एक पीक विहिरीला त्रास देते, दुसरे तळ्याला. म्हणून केवळ ‘ऊस काढा, ज्वारी लावा’ असा आदेश दिला तर विहिरी सुधारतील आणि जलाशयातला गाळ व शेवाळ वाढेल, असेही होऊ शकते. त्यावर उपाय आहेत : बांधबंदिस्ती, समपातळीतली मशागत, पावसाळ्यात मूग-उडदासारखे आधीचे पीक. सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले ते याच ओलीच्या आणि धुपीच्या प्रश्नांसाठी. नव्वद वर्षांपूर्वी या गावाने जो प्रश्न हाती घेतला, त्याचीच पुढची पायरी म्हणून मी मॉडेलकडे पाहतो. ते परदेशातून आणलेले खूळ म्हणून झटकून टाकावे, असे त्यात काही नाही.

ठिबकबद्दलही असेच म्हणता येते. ठिबकमधून खत थोडे थोडे आणि मुळाशी दिले तर नत्राचे निसटणे बरेच कमी होते, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी शेजारच्या एकरावरही ऊस लावतो, आणि एका एकराची बचत दोन एकरांच्या एकूण झिरपण्यात विरून जाण्याची शक्यता असते. उत्पादन मोजणारा अधिकारी या योजनेला यशस्वी म्हणेल, पाणी मोजणारा म्हणणार नाही, आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतील. दोन्ही मोजमापे एका कागदावर आणली तरच ठिबकच्या अनुदानाला क्षेत्राची मर्यादा जोडायची का, हा खरा प्रश्न समोर येतो.

एकाच उद्दिष्टाकडे पाहून केलेल्या कायद्याचे काय होते, हे पंजाबात दिसले आहे. भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये तिथे भाताची लावणी पुढे ढकलणारा कायदा झाला. हेतू निर्मळ होता. पण कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीपर्यंतचे दिवस कमी झाले आणि काड जाळण्याला जोर आला. पाण्याचा प्रश्न सोडवताना हवेचा वाढला. पीक, पाणी आणि वेळ यांना एकत्र जोडून आधी पाहिले असते तर काडाच्या विल्हेवाटीची सोय त्याच कायद्याबरोबर करता आली असती.

अमेरिकेचा अनुभव याहून बोलका आहे, आणि त्यात आशा आणि इशारा दोन्ही आहेत. मिसिसिपी नदी मध्य अमेरिकेच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यातले नत्र व स्फुरद मेक्सिकोच्या आखातात नेऊन टाकते. तिथे शेवाळ माजते, मरते, कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. हा मृत पट्टा १९८५ पासून मोजला जात आहे. २०१७ मध्ये तो २२,७२० चौरस किलोमीटर भरला. आपला सोलापूर जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आत बसतो, यावरून त्याचा आवाका कळावा. हा पट्टा पाच हजार चौरस किलोमीटरच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट आधी २०१५ साठी होते, नंतर ते २०३५ पर्यंत ढकलले गेले. मॉडेल्स तर तिथे भरपूर होती. कोणत्या जमिनी पडीक ठेवल्या, कुठे नदीकाठी गवताचे पट्टे सोडले, खत किती कमी केले तर किती फरक पडेल, हे त्यांनी सांगितलेले होते. पण २००७ च्या कायद्याने इंधनात इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य वाढवले, त्याने मक्याला मोठी मागणी दिली, आणि खत कमी करणे मात्र शेतकऱ्याच्या मर्जीवर राहिले. एका हाताने पट्टा लहान करायचा आणि दुसऱ्या हाताने मोठा, अशी ती गत होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवराच्या काठच्या टोलेडो शहरात शेवाळाचे विष नळाच्या पाण्यात उतरले आणि चार-पाच लाख लोकांना पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. त्या शेवाळाला पोसणारे स्फुरद मुख्यतः शेतांतून आले होते. ती बातमी वाचताना मला उजनीचा हिरवा फुगवटा आठवल्यावाचून राहिला नाही. सोलापूर शहर हेच पाणी पिते, आणि तेही काही दिवसांच्या आड.

आपल्याकडे २०१८ मध्ये जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले आणि पुढे वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२५-२६ पर्यंत अलीकडे ओढले गेले. कारखान्यांना त्यातून रोख पैसा मिळतो, त्यातून शेतकऱ्यांची बिले लवकर निघण्याची शक्यता वाढते, आणि परकीय चलन वाचते. या लाभांना मी कमी लेखत नाही. परंतु या धोरणाच्या चर्चेत लिटर आणि रुपये मोजले गेले तसे भीमेच्या आणि सीनेच्या खोऱ्यातल्या विहिरींचे नायट्रेट मोजले जायला हवे होते. उसाला दुसरा ग्राहक मिळाला की तुटीच्या खोऱ्यातही त्याचे क्षेत्र टिकते किंवा वाढते. त्याची जी किंमत भूजलाला मोजावी लागेल ती इथेनॉलच्या दरात कुठेच धरलेली नाही.

मॉडेलसाठी लागणारी माहितीच आपल्याकडे नाही, असा आक्षेप नेहमी येतो. तो मला पटत नाही. कारखान्यांच्या शेती विभागाकडे प्रत्येक गटाची ऊस नोंद आहे : लागणीची तारीख, जात, क्षेत्र, आणि गाळपानंतर टनेज. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा नोंदणी कर्मचारी, बांधावर जाऊन ही नोंद करतो आणि ती बहुतेक सरकारी आकड्यांपेक्षा विश्वासार्ह असते. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे. खताची प्रत्येक गोणी दुकानातल्या पॉस (विक्रीनोंद) यंत्रावर आधार क्रमांकासह विकली जाते, त्यामुळे कोणत्या दुकानातून कोणत्या महिन्यात किती युरिया गेला हे नोंदलेले आहे. मृद आरोग्य पत्रिका आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. धरणातून कोणत्या तारखेला किती क्युसेक सुटले याची वही जलसंपदा खात्याकडे आहे. ही सारी माहिती सहा कार्यालयांत सहा कपाटांत आहे आणि एका टेबलावर कधी आलेली नाही. विद्यापीठ इथे आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे. खरी उणीव दोन ठिकाणी आहे : विहिरींच्या पाण्याची तपासणी वर्षातून एक-दोनदाच होते, आणि पहिल्या पावसानंतरचे जे आठ-दहा दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात त्या दिवसांत ओढ्यांचे पाणी सहसा कोणी भरून घेत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञानशाखांतली मुले हे नमुने भरू शकतील. त्याला मोठा निधी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मॉडेल हवे तसे वाकवता येते. गृहीतकात एक आकडा बदलला की निष्कर्ष फिरतो, आणि सत्तेला हवे ते उत्तर काढून देणारे तज्ज्ञ कुठेही मिळतात. हे खरे आहे. पण आज जे चालते त्यातही गृहीतके आहेतच, ती फक्त बोलून दाखवली जात नाहीत. युरिया स्वस्त ठेवला तर उत्पादन वाढते, मोफत वीज दिली तर शेतकरी सुखी होतो, ही मॉडेलच आहेत. त्यांत एक ओळ आहे आणि ती तपासण्याची सोय नाही. उघड्या मॉडेलमध्ये मोहोळचा शेतकरी उठून म्हणू शकतो की तुम्ही धरलेली पाण्याची पाळी चुकीची आहे, आमच्याकडे एकवीस दिवसांनी पाणी येते, आणि तो आकडा बदलून सर्वांसमोर पुन्हा हिशेब करता येतो. म्हणूनच निष्कर्ष एका आकड्यात न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा द्यावा. ज्याने एकच आकडा दिला, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी भीती शेतकऱ्यांची आहे आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. उद्या हे मॉडेल दाखवून उसावर बंदी येईल, खतावर कोटा लागेल, प्रदूषणाचा दंड आमच्या सातबारावर चढेल, आणि पुण्याचे सांडपाणी मात्र तसेच वाहत राहील. ही भीती निराधार नाही. त्यामुळे मॉडेलची पहिली अट अशी असावी की त्यात शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे सांडपाणी आणि शेती या तिघांचे वाटे वेगवेगळे दाखवले जातील. पुण्याकडे बोट दाखवण्याचा आपला हक्क अशा विभागणीने मजबूतच होईल, कारण मग तो आकड्यानिशी दाखवता येईल. आणि दुसरी अट अशी की कोणत्याही पर्यायाच्या निष्कर्षात नत्र किती घटले याच्या शेजारीच दोन एकरवाल्या कुटुंबाचे उत्पन्न किती घटले तेही छापले जाईल. पाणी सुधारण्याचा खर्च एकट्या लहान शेतकऱ्याने सोसावा, हे न्याय्य नाही.

मला स्वतःला चार पर्याय आधी तपासून पाहावेसे वाटतात. युरियाचे अनुदान गोणीवरून काढून तेवढीच रक्कम एकरी थेट खात्यावर दिली तर नत्राचा वापर किती उतरेल आणि टनेज किती घटेल? माझा अंदाज असा की टनेज फारसे घटणार नाही, पण अंदाजावर कोणाचे पीक पणाला लावता येत नाही. मालदांडी ज्वारी, तूर आणि हरभरा यांची हमीभावाने खरोखर खरेदी झाली, रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात ज्वारी गेली, तर किती क्षेत्र उसातून बाहेर येईल, आणि त्या क्षेत्रावर धूप रोखायला काय करावे लागेल? आवर्तनाच्या तारखा हंगामाच्या आधी पक्क्या जाहीर करून पाणी घनमापावर दिले तर? आणि दिवसाची वीज सर्व शेतीपंपांना मिळाली तर? यांतला शेवटचा पर्याय शेतकऱ्याकडून काहीच काढून घेत नाही, म्हणून माझे मन त्याच्याकडे झुकते. तरीही एकट्याने तो पुरा पडेल असे मला वाटत नाही.

उजनीचे पाणी कसे सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीला पालकमंत्री, आमदार, अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमतात, आणि समोर एक कागद असतो : धरणात किती पाणी, पिण्याला किती, शेतीला किती, किती पाळ्या. येत्या रब्बीच्या बैठकीत त्याच्या शेजारी दुसरा कागद असावा, ज्यावर याच पाळ्यांनी कोणत्या तालुक्यात किती ऊस आणि किती ज्वारी उभी राहील, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या तालुक्याच्या विहिरींत लिटरमागे किती नायट्रेट उतरेल, याचे दोन-तीन पर्यायांतले अंदाज लिहिलेले असतील. पहिल्या वर्षी ते अंदाज बरेच चुकतील. जूनमध्ये विहिरींचे पाणी तपासून ती चूक मोजावी आणि पुढच्या बैठकीत कागद दुरुस्त करून आणावा.